लांब कानांचे देणे

मराठीतला 'देणे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. एखाद्याला सुरेल गळा लाभला की आपण त्याला देवाचे देणे म्हणतो, आणि महिनाअखेरीस वाण्याचे बिल थकले की तेही देणेच! मिळाले तेही देणे आणि फेडायचे तेही देणे. पहिल्या वर्षाच्या वर्गात शब्दार्थांची चर्चा निघाली की हा शब्द मी हमखास फळ्यावर लिहितो. मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरून जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मलाही हे दोन्ही अर्थ खरोखर कळले ते शब्दकोशातून नव्हेत. आमच्या घरातल्या केशरच्या कानांमुळे कळले.

केशर ही आमची कुत्री. जात कॉकर स्पॅनियल, म्हणजे इंग्लिश कॉकर. रंग नावाप्रमाणेच. उंची खांद्यापर्यंत जेमतेम ३८ सेंटिमीटर आणि वजन १३ किलोच्या आसपास. थोडक्यात, मांडीवर मावणार नाही इतकी मोठी आणि मांडीवर बसण्याचा हट्ट सोडणार नाही इतकी लहान. डोळे मोठे, तपकिरी आणि कायम काहीतरी विचारत असल्यासारखे. शेपूट अशी हलते की शेपटीला कुत्री जोडली आहे की कुत्रीला शेपूट, असा प्रश्न पडावा. आणि कान! डोळ्यांच्या रेषेत उगम पावून थेट नाकापर्यंत पोचणारे, रेशमी केसांचे दोन पडदे. पाणी प्यायला वाकली की कान आधी पाणी पितात, मग ती.

ती आमच्याकडे आली पाच महिन्यांची असताना. माझ्या मेहुण्यांची परदेशी बदली झाली आणि त्यांनी हौसेने विकत आणलेले हे पिल्लू आमच्या पुण्याच्या तीन खोल्यांत दाखल झाले. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती आनंदाने वेडी झाली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता कामा नये." केशरने हा नियम अक्षरशः पाळला. ती उंबऱ्याच्या बाहेर बसे आणि मान तेवढी आत टाकी. पाऊल कुठे टाकले होते?

या कुत्र्यांचा स्वभाव समजायचा असेल तर त्यांचा इतिहास पाहावा लागतो. 'स्पॅनियल' या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः स्पेनशी जोडतात. पण जात वाढली, घडली ती इंग्लंडात. जॉन केयस नावाच्या इंग्लिश वैद्याने १५७० साली इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात जमिनीवर काम करणारे आणि पाण्यात काम करणारे असे स्पॅनियलचे भेद दिले आहेत. त्या काळी त्यांचे काम होते झुडपांत दडलेले पक्षी उठवायचे. शिकारी जाळे किंवा ससाणा घेऊन तयार असे. पुढे बंदूक आली. वुडकॉक नावाचा एक लाजाळू पक्षी दाट झाडीत दबून बसतो. त्याला उठवणारा लहान चणीचा कुत्रा तो कॉकर. गंमत म्हणजे प्रारंभी ही वेगळी जात नव्हतीच. एकाच विणीतले जे पिल्लू मोठेपणी २५ पौंडांच्या आत राही ते कॉकर, आणि त्याचे थोराड भावंड दुसऱ्या नावाचे! लंडनच्या केनेल क्लबची स्थापना १८७३ सालची. कॉकरला त्यांनी स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती १८९२च्या सुमारास.

आता या कामातली मेख पाहा. ग्रेहाउंड सशामागे दूरवर पळत जातो, मालकाला मागे टाकतो. स्पॅनियलला तसे करून चालत नसे. तो बंदुकीच्या टप्प्याबाहेर गेला तर उठवलेला पक्षी फुकट. म्हणून जो कुत्रा माणसाच्या आसपास घोटाळे, दर मिनिटाला मागे वळून मालकाचे तोंड पाही, त्याचीच पैदास पुढे चालू राहिली. शेकडो वर्षे असे होत होत एक प्राणी तयार झाला की ज्याला माणसापासून वीस पावलांवर गेले तरी चुकल्यासारखे वाटते.

आमच्या घरात ना बंदूक ना वुडकॉक. परंतु मी पेपर तपासत बसलो की केशर पायाशी. पाणी प्यायला उठलो की ती उठली. परत आलो की तीही परत आली. इंग्लिश कवयित्री एलिझाबेथ बॅरेट आजारी होती, लंडनच्या एका खोलीत तिने वर्षे काढली. त्या खोलीत तिच्या सोबतीला 'फ्लश' नावाचा असाच एक तांबूस कॉकर होता. कुत्री पळवणाऱ्या चोरांनी त्याला नेले तेव्हा तिने खंडणी भरून त्याला सोडवले, आणि १८४६ साली रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न करून ती इटलीला निघून गेली तेव्हा फ्लशही बरोबर होता. व्हर्जिनिया वुल्फने १९३३ साली त्याचे चरित्रच लिहिले. रानात हिंडण्यासाठी घडवलेला कुत्रा आजाऱ्याच्या खोलीत रमला कसा, याचे कुणाला नवल वाटेल. मला वाटत नाही. त्याला रान हवे होते हे खरे; पण रानात माणूस हवा होता, हे त्याहून खरे. दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांनी म्हणूनच ही जात घरी आणू नये. ती उपाशी राहील, पण एकटी राहणार नाही.

तर हे झाले मिळालेले देणे. आता फेडायचे.

पहिला हप्ता कानांचा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते. आमच्या कानासारखी ती सरळ नाही. त्यावर हा केसाळ पडदा पडला की आत वारा नाही, उजेड नाही. ओल मात्र टिकून राहते. पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. मग आत बुरशी धरते, जंतू वाढतात, आंबूस वास येतो, कुत्रा मान झटकतो, कान खाजवतो. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले, "आठवड्यातून एकदा कान उलटा करून पाहायचा आणि वास घ्यायचा. तुमच्या नाकाइतके स्वस्त यंत्र नाही." औषधी द्रावणाने कान धुवायचा, कापसाने दिसेल तेवढाच भाग पुसायचा, काडी आत घालायची नाही. आंघोळीनंतर कान पूर्ण कोरडा करायचा. रविवारी सकाळी आमच्याकडे हा सोहळा असतो. जेवताना कान ताटलीत पडू नयेत म्हणून बाजारात तोंड अरुंद असलेली खोल भांडी मिळतात. आमच्या आईने त्याआधीच तोड काढली होती. माझ्या जुन्या लोकरी पायमोज्याचा पुढचा भाग कापून ती नळी तिने केशरच्या डोक्यावरून चढवली. दोन्ही कान आत. त्या वेषात केशर थेट थंडीत कानटोपी घालून बसलेल्या आजीबाईसारखी दिसते. उंबऱ्याचा नियम त्याच सुमारास कधीतरी रद्द झाला. तसा ठराव कुणी मांडल्याचे आठवत नाही.

दुसरा हप्ता केसांचा. पाय, पोट, छाती आणि कान यांवर या जातीला लांब झालर असते. दिवसाआड कंगवा फिरवला नाही तर कानामागे आणि काखेत गुठळ्या होतात, त्या कातडी ओढतात आणि दुखतात. महिना-दीड महिन्याने पंजांमधले आणि कानाच्या आतल्या बाजूचे केस कातरायचे. कुसळ हा तर आमच्याकडचा खास शत्रू. पावसाळा सरला की पुण्याच्या टेकड्यांवर कुसळी गवत पिकते. त्याच्या बियांना टोकदार भाल्यासारखे कुसळ असते, आणि त्यावरचे सूक्ष्म केस अशा रीतीने वळलेले असतात की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. आपल्या धोतराला किंवा पायजम्याला ते चिकटले तर आपण हसून उपटून टाकतो. स्पॅनियलच्या कानात किंवा बोटांच्या बेचक्यात ते शिरले तर आत आत जात पू होतो. म्हणून आश्विन-कार्तिकात टेकडीवरून आलो की दारातच बैठक मारून चारही पंजे आणि दोन्ही कान तपासायचे. त्याच बैठकीत गोचिडीही शोधायच्या, कारण गोचीड चावून होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. रेबीजची आणि इतर लस दरवर्षी. उंदरांच्या मुतामुळे पावसाच्या साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरा रोगाचीही.

तिसरा हप्ता पोटाचा. कॉकरला भूक नसते. त्याला हाव असते. ज्या डोळ्यांनी ती शंकरपाळ्याकडे पाहते त्या डोळ्यांनी एखाद्या विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले तर मी त्याला नापास करू शकणार नाही. पण इथे मन घट्ट करावे लागते. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत; लागल्या नाहीत तर कुत्रा लठ्ठ झाला. शिवाय आपले दिवाळीचे फराळाचे ताट म्हणजे कुत्र्याला जागोजागी लावलेला सापळाच. बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा आपल्याला शोभेचा, पण मनुका, बेदाणे, द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चिवड्यातला तळलेला कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट वर्ज्य. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या तर अगदी थोड्याही घातक. आमच्याकडे म्हणून लाडवाचा डबा वरच्या फळीवर असतो आणि पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच विनंती केली जाते की कृपा करून माया हाताने करा, ताटातून नको.

इथपर्यंतचे सारे हप्ते आम्ही हसत फेडले. केशर चार वर्षांची झाली त्या साली एक निराळे देणे समोर आले.

संध्याकाळी फिरून परतताना ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबू लागली. दुपारी तोच जिना ती दोन उड्यांत चढे. अंधार पडला की मात्र पाय आधी चाचपून टाकी. रात्री तिचे डोळेही पूर्वीपेक्षा अधिक चमकत. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तिचे डोळे तपासले आणि गालाच्या आतला नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आले. दृष्टिपटल हळूहळू झिजत जाण्याचा रोग, आनुवंशिक. आधी अंधुक उजेडात दिसेनासे होते, मग दिवसाही. दुखत नाही. उपाय नाही.

आनुवंशिक म्हणजे कसे, ते डॉक्टरांनी नीट समजावले. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. हा दोष दोन्ही प्रतींत आला तरच कुत्रा आंधळा होतो. एकाच प्रतीत असला तर तो जन्मभर उत्तम पाहतो, स्पर्धा जिंकतो, आणि दोष पुढे देत राहतो. केशरचे आईबाप दोघेही देखणे असतील, दोघांनाही स्वच्छ दिसत असेल. त्यांची चाचणी करणे शक्य होते. पिल्ले विकणाऱ्याला ती करावीशी वाटली नव्हती एवढेच.

आणि त्याच महिन्यात केशरला स्थळ आले! जवळच्याच एका सोसायटीतले गृहस्थ त्यांचा काळाभोर, रुबाबदार कॉकर घेऊन प्रत्यक्ष घरी आले. मुलाकडची मंडळी असूनही बोलणे फार अदबीचे. "सर, जोडी दृष्ट लागण्यासारखी आहे. पिल्लांना मागणी भरपूर. एक पिल्लू तुम्हाला ठेवा, बाकीचे मी पाहतो." मी त्यांना केशरचे निदान सांगितले आणि विचारले, "तुमच्या मुलाची पत्रिका आहे का?" ते म्हणाले, "वडील चँपियन आहेत." मी म्हटले, "ती वंशावळ झाली. मी डोळ्यांच्या चाचणीबद्दल विचारतो आहे." ते हसले. "चाचणी कशाला, सर? लांबचा चेंडू दिसतो त्याला!"

मी प्राध्यापक असल्यामुळे पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन काढून दाखवले. केशरच्या प्रत्येक पिल्लाला तिच्याकडून दोष मिळणारच. बाप निर्दोष असला तर पिल्लांना दिसेल, पण सारी दोष वाहतील. बापात तो लपलेला असला तर सरासरी निम्मी पिल्ले आंधळी होतील. गृहस्थांनी चहा संपवला आणि म्हणाले, "घेणाऱ्याला पाच-सहा वर्षे तर काही कळणार नाही!" त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तो एक साधा हिशेब होता.

माझी मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. तेव्हा ती बारा वर्षांची. केशरचे एक पिल्लू आपले असावे हे तिचे कधीपासूनचे स्वप्न. नावसुद्धा ठरले होते. पाहुणे गेल्यावर तिने तो चौकोनांचा कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "बाबा, पण आपल्याला तर आत्ताच कळले आहे ना?"

तर्कशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमका प्रश्न मी वाचलेला नाही. पुढच्याच महिन्यात आम्ही केशरची शस्त्रक्रिया करून घेतली. गर्भाशयात पू होण्याचा धोकाही त्यामुळे टळतो, असे डॉक्टर म्हणाले. मुलगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी टाक्यांवर औषध लावायला तीच बसली.

आज केशर नऊ वर्षांची आहे आणि गेली दोन वर्षे तिला काहीही दिसत नाही. नव्या माणसाला मात्र हे चटकन कळत नाही. घरातले सामान तिला पाठ आहे. म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत आमच्याकडे धूळ झटकली जाते, सामान हलवले जात नाही. रंगाऱ्यालाही हीच अट. पाण्याचे भांडे एकाच कोपऱ्यात. जिन्याच्या तोंडाशी काथ्याचे पायपुसणे. पायाला ते खरखरले की पुढे पायरी. हात लावण्यापूर्वी नाव घ्यायचे, म्हणजे ती दचकत नाही. उचलून भलत्याच जागी ठेवायचे नाही. 'पायरी', 'थांब', 'डावीकडे' हे शब्द ती जाणते. मराठीच्या माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा तिचा शब्दसंग्रह लहान असेल, पण उपयोग अचूक.

आणि नाक तर शाबूत आहे. या नाकाची मातबरी काय सांगावी! २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक प्रयोग छापून आला. सहा कुत्र्यांना मूत्राच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखायला शिकवले होते. त्यांत कॉकर स्पॅनियलही होते. दर वेळी सात नमुने, त्यांतला एक रोग्याचा. नुसत्या नशिबाने १४ टक्के उत्तरे बरोबर यावीत. कुत्र्यांची ४१ टक्के आली. शिकवताना एका निरोगी समजलेल्या माणसाचा नमुना कुत्रे पुन्हा पुन्हा 'रोगी' म्हणून दाखवत राहिले. शेवटी त्याची तपासणी केली तेव्हा त्याच्या मूत्रपिंडात कर्करोग सापडला. असे नाक असलेल्या प्राण्याचे डोळे गेले म्हणजे जग गेले असे समजण्याचे कारण नाही. टेकडीवर लांब दोरी लावून सोडली की केशर अजूनही नाक जमिनीला लावून, शेपूट फिरवत, माझ्यापासून वीस पावलांच्या आत कसलासा शोध घेत हिंडते.

आमच्याकडे केशरला पाहून पुष्कळ लोक विचारतात, "असे पिल्लू कुठे मिळेल हो?" मी सांगतो, आधी पिल्लाच्या आईबापांच्या चाचण्यांचे कागद मागा, डोळ्यांचे आणि मूत्रपिंडाचेही, कारण मूत्रपिंडाचाही एक आनुवंशिक रोग या जातीत आहे आणि त्याचीही चाचणी आहे. कागद नसतील तर उठा. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नका; आपल्या २०१७च्या केंद्रीय नियमांनीही ते विकायला बंदी आहे. शिवाय पिल्लाची आई पाहायला मागा. हे कान, हे डोळे आपणच, म्हणजे माणसानेच, आपल्या हौसेसाठी निवडून निवडून घडवले आहेत. त्यांची किंमत कुत्र्याने एकट्याने का भरावी?

राहता राहिली लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. ज्याला दिसत नाही त्याचे सारे जग कानांत असते, आणि फटाके नेमके तिथेच फुटतात. म्हणून दिवस मावळण्यापूर्वीच आम्ही तिला फिरवून आणतो, खिडक्या लावतो, आतल्या खोलीत रेडिओ सुरू करतो. सोबतीला आई बसते. आईचे वय आता शहात्तर आणि तिला ऐकू जवळजवळ येत नाही. ती केशरचे डोके मांडीवर घेते, लांब कानांवरून सावकाश कंगवा फिरवते आणि आपल्या मोठ्या आवाजात तिला लहानपणीच्या दिवाळ्या सांगते. बाहेर लवंगी वाजो की ॲटमबाँब, आईचा हात थबकत नाही. आणि हात थबकत नाही म्हणून केशरही हळूहळू थरथरायची थांबते. फटाके संपले की नाही हे आई आम्हाला विचारत नाही. केशरची शेपूट हलू लागली की ती उठते आणि फराळाचे पाहायला स्वयंपाकघरात जाते. केशर तिच्यामागून उंबरा ओलांडते.